सात कोऱ्या चौकटी

वाळलेला बाळहिरडा फरशीवर ओतला की एक कोरडा, घरंगळता नाद होतो. वैशाखातल्या दुपारी, रस्त्यावरचं ऊन दुकानाच्या उंबऱ्याशी येऊन थबकलेलं असताना, तो नाद ऐकू आला की गादीवरून मान वर न करताच मी ओळखायचो, ठमाबाई आल्या. बाकीची माणसं पोतं धाडकन उपडं करून मोकळी होत. ठमाबाई पोत्याचं तोंड दोन्ही हातांत धरत आणि आतला माल निजलेल्या मुलाला खाली ठेवावं तसा हळूहळू सोडत. नाद आधी बारीक सुरू होई, मग भरत जाई, आणि शेवटचं काळं फळ गडगडत भिंतीशी जाऊन थांबेपर्यंत त्या वाकलेल्याच राहत. मग कंबर सरळ करून म्हणत, "बघा भाऊ, खडा सापडला तर सांगा." खडा कधी सापडला नाही.

डिंभ्याच्या धरणाचं पाणी ज्या डोंगराच्या पायाशी जाऊन टेकतं, त्या डोंगराच्या खांद्यावर त्यांची वाडी. तिथून उतरायचं, लाँचने पाणी ओलांडायचं, डिंभ्याला एसटीची वाट पाहायची, आणि ती आलीच तर घोडेगावात आमच्या दुकानी पोचायचं, असा त्यांचा दिवस. पावसाळा भाताचा आणि नाचणीचा, उन्हाळा हिरड्याचा. झाडावरून झोडपलेली कोवळी फळं कातळावर वाळत घालून घालून त्यांच्या बोटांना जो काळा रंग चढे, तो श्रावणातल्या चिखलानेही पुरता उतरत नसे. त्या काळ्या हातांवर हिरव्या बांगड्या फार उजळ दिसत. पन्नाशी ओलांडलेली, किडकिडीत, ताठ बाई. बोलणं मोजकं. काही विचारायचं असलं की आधी उजव्या हाताचा तळवा डाव्या हाताने पुसायची त्यांना सवय होती. मागायचं ते स्वच्छ हातानेच मागावं, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

आणि मी कोण, तर त्या दुकानाचा मालक आणि मनाने त्या दुकानात कधीच न बसलेला माणूस. आमचं घराणं राजस्थानातून आलेलं, जैन, व्यापारी. पण येऊन इतक्या पिढ्या लोटल्या की आता घरातली भांडणंसुद्धा मराठीतच होतात. जुन्नरच्या एका निवृत्त चित्रकला-शिक्षकांकडून मी एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा घेतला होता आणि त्या दिवसापासून माझं तराजूवरचं लक्ष उडालं ते उडालंच. या जातीच्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. खिडकीच्या मधोमध एक फिकट पिवळा चौकोन असतो. त्यात समोरच्या माणसाच्या दोन पुसट प्रतिमा दिसतात, आणि भिंगाभोवतीचं कडं फिरवत नेलं की त्या सरकत सरकत एकमेकींत मिसळून एक होतात. तो मीलनाचा क्षण मला वेड लावी. प्रकाश मोजायचं यंत्र माझ्या कॅमेऱ्यात नव्हतं. मी तो नुसत्या डोळ्यांनी जोखायचो आणि त्याची मला मनातून घमेंड होती. खिडकी भिंगापासून वेगळी असल्यामुळे होणारी एक चूक मात्र या कॅमेऱ्याची अगदी खास आहे. भिंगावरचं टोपण काढायचं राहून गेलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसत राहतं आणि फिल्मवर काहीच उमटत नाही. ही चूक नवशिके करतात, असं मी चारचौघांत हसत सांगत असे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. एका वैशाखात हिरडा ओतून झाल्यावर ठमाबाई निघाल्या नाहीत. दाराशी उभं राहून त्यांनी तळवा पुसला.

"भाऊ, आमच्या म्हाताऱ्याचा येक फोटू काढाल का? मतदानाच्या कार्डाचे फोटू काढाया माणसं आली, तवा हे रानात व्हते. घरात त्यांचा येकबी न्हाई. आन आता खोकला लई वाढलाय."

"काढू की मावशी. भातकापणी झाली की मीच येतो वाडीवर."

नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. कोंडिबा हे नाव मला लाँचवरच्या माणसाकडून कळलं.

कार्तिकात गेलो. लाँच पाणी कापत निघाली तसे तुषार उडायला लागले, म्हणून मी भिंगावर टोपण चढवलं आणि कॅमेरा छातीशी धरून बसलो. वाडीत पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणात नुकत्या झोडलेल्या भाताचा पेंढा पसरलेला, आणि त्या पिवळ्या पेंढ्यावरून उसळलेला प्रकाश घराच्या कुडावर, दारावर, दारापुढच्या दगडावर बसलेल्या कोंडिबांच्या मुखावर खालून वर चढत होता. ठमाबाईंनी त्यांना धुतलेलं धोतर नेसवलं होतं, पागोटं स्वतः बांधून दिलं होतं, आणि त्याच्या एका पेचावरून त्या पुन्हा पुन्हा बोट फिरवत होत्या. असा प्रकाश वर्षातून एखाद्या वेळी भेटतो. मी गुडघ्यावर बसलो, कडं फिरवलं, दोन पुसट कोंडिबांचे सावकाश एक कोंडिबा झाले, आणि मी बटण दाबलं. रोलवर सात चौकटी उरल्या होत्या. सातही त्यांच्यासाठी खर्चल्या. आयुष्यात आपण एवढं चांगलं काम कधी केलं नाही, असं परतीच्या लाँचमध्ये मला वाटत होतं.

मार्गशीर्षात धुतलेला रोल घ्यायला पुण्याच्या लॅबमध्ये गेलो. तिथल्या माणसाने फिल्मची पट्टी उजेडासमोर धरली. धरणाचं पाणी होतं, महाळुंगे पडवळच्या शिवारातली झेंडूची शेतं होती, आणि त्यानंतर सात चौकटी स्वच्छ, कोऱ्या, काचेसारख्या. त्यांच्यातून पलीकडचा रस्ता दिसत होता.

"शेवटचे सात गेले, साहेब. टोपण राहिलं वाटतं?" तो हसत म्हणाला.

"छे! फिल्मच खराब लागली असणार," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

त्या वेळी कोंडिबा जिवंत होते, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. खोकत होते, पण उन्हाला येऊन दगडावर बसत होते. मी दुसऱ्या दिवशी उठून डिंभ्याला गेलो असतो, लाँच धरून वर चढलो असतो आणि म्हणालो असतो, "बाबा, माझ्या हातून चूक झाली, पुन्हा बसता का?" तर ते पुन्हा बसले असते. एवढंच करायचं होतं. पण पुन्हा काढायचं तर आधीचं काय झालं ते सांगावं लागणार, आणि डोळ्यांनी प्रकाश जोखणाऱ्या माणसाने टोपण काढलं नाही हे त्या अंगणात उभं राहून बोलायला माझी जीभ तयार होईना. म्हणून मग गाड्या अनियमित झाल्या, दुकानात काम वाढलं, थंडी बाधायला लागली. मार्गशीर्ष गेला, पौष गेला, माघ गेला. शिमग्यानंतर जाऊ, असं मी स्वतःला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

पुढच्या वैशाखात हिरड्याचा तोच नाद आला, पण त्यात बांगड्यांची किणकिण नव्हती. मी मान वर केली. ठमाबाईंचं कपाळ मोकळं होतं. चैत्र लागता लागता कोंडिबा गेले होते. हिरडा ओतून झाला, खड्याचं बोलणं झालं, आणि त्यांनी तळवा पुसला.

"फोटू आला का, भाऊ? दहाव्याला पाटावर त्यांचं पागोटं ठेवलं. म्हणलं, फोटू मागनं यील."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या तोंडून जे आलं ते असं होतं: "पुण्यात आहे, मावशी. नुसतं छापून चालत नाही आता. निगेटिव्ह स्कॅन करायला लागते. चांगलं मशीन आलं की लगेच."

"मंग चांगलाच यिऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्यास्नी आता कुटं घाई हाय?"

तिथून माझ्या त्या प्रसिद्ध द्विधेला आरंभ झाला, जिच्याबद्दल पुढे सहा-सात वर्षं मी भेटेल त्या माणसाला ऐकवत राहिलो. फिल्म चालू ठेवून ती स्कॅन करावी, की सरळ डिजिटलकडे वळावं? आम्ही जात्या तोलणारी माणसं. मी दोन पारड्यांत रोज नवं काहीतरी टाकत गेलो. एका पारड्यात फिल्मच्या सावल्यांतली ती दाट, मऊ करडी छटा, रेंजफाइंडरचं निःशब्द बटण, समोरच्या माणसाला न दचकवणारी त्याची लहानखुरी चण. दुसऱ्या पारड्यात स्कॅनवर दिसणारे धुळीचे कण, केसांएवढे ओरखडे, लॅबने सीडीवर भरून दिलेल्या त्या निस्तेज प्रतिमा, आणि ज्या तपशिलांसाठी फिल्म वापरायची तेच स्कॅनमध्ये गमावण्याचा वेडेपणा. डिजिटलचं म्हणाल तर ऊन पडलं की पांढऱ्या धोतराचं नुसतं पांढरं ठिगळ, बटण दाबल्यावर क्षणभराने उमटणारं चित्र, तोवर समोरचं हसू विझलेलं. हे सगळं खरं होतं. आजही यातलं एक अक्षर खोडायची गरज मला वाटत नाही.

फक्त एक गोष्ट मी कोणत्याच पारड्यात टाकली नाही. डिजिटल कॅमेरा काढलेलं चित्र तिथल्या तिथे, काढणाऱ्याला आणि बसणाऱ्याला, दोघांना दाखवतो. तो जर त्या कार्तिकात माझ्या हातात असता तर पहिलीच चौकट काळी दिसली असती, ठमाबाई हसल्या असत्या, मी ओशाळलो असतो आणि टोपण काढून पुन्हा गुडघ्यावर बसलो असतो. मला त्या यंत्राचं भय वाटायचं ते तपशिलांमुळे नव्हे, हे कळायला मला फार वर्षं लागली नाहीत. कबूल करायला लागली.

याहून लाजिरवाणी गोष्ट सांगायची राहिली आहे. एका दिवाळी अंकाने छायाचित्रकलेवर लेख मागितला, तेव्हा मी प्रतीक्षेवर लिहिलं. फिल्म माणसाला वाट पाहायला शिकवते, प्रतिमेला अंधारात पिकू देते, डिजिटलच्या घाईत ही साधना लोपते, असं बरंच काही. आणि उदाहरण म्हणून मी एका डोंगरी वृद्धाच्या छायाचित्राचं वर्णन केलं: पेंढ्यावरून उसळलेला प्रकाश, पागोट्याचा एक सैल पेच, दगडावर टेकलेला हात. लेख आवडल्याची पत्रं आली. एका बाईंनी तर ते छायाचित्र कुठे पाहायला मिळेल असं विचारलं. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, पण ते रद्दीतही टाकलं नाही. दोन-तीनदा काढून वाचलं. नसलेल्या चित्राची स्तुती ऐकून माणूस सुखावतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

आणि इकडे दर वैशाखात ठमाबाई येत. केस पांढरे होत गेले, हिरडा ओतताना वाकलेली पाठ सरळ व्हायला वेळ लागायला लागला, पण प्रश्न एकदाच, आणि तळवा पुसूनच. "फोटू आला का, भाऊ?" त्यात कधी तक्रार नव्हती. मी स्कॅनरची नवी हकिगत सांगे, पुढे पुढे डिजिटलचीही सांगायला लागलो, आणि त्या ती लक्ष देऊन ऐकत. निमगाव साव्याहून आलेले माझे मेहुणे एकदा दुकानात बसले होते. त्या गेल्यावर ते म्हणाले, "राव, हिला सगळं समजतंय का काय? किती मन लावून ऐकत होती!" मी हसण्यावारी नेलं.

शेवटी निर्णय झाला तो मी केलाच नाही. पुण्याच्या त्या लॅबने कृष्णधवल फिल्म धुणं बंद केलं. इतकी वर्षं मी तोलत बसलो होतो आणि निकाल परस्पर लागला. मी डिजिटल कॅमेरा घेतला, छोटा, रुपेरी, खिशात मावणारा. तो घेतल्यावर मात्र ठमाबाईंना द्यायला माझ्याकडे एकही सबब उरली नाही, म्हणून त्या हिवाळ्यात मी वाडीवर गेलो. निदान त्यांचा तरी एक चांगला फोटो काढून द्यावा, असा माझा दिलदार बेत होता.

त्या दारात बसून सुपात तांदूळ पाखडत होत्या. सुपाची ती लय, तुसाचा वाऱ्यावर उडणारा सोनेरी धुरळा, आणि मागे घराचा शांत अंधार. मी कॅमेरा काढला तशी त्यांनी सूप मांडीवर ठेवलं, तळवा पुसला, आणि माझ्या हातातल्या त्या रुपेरी वस्तूकडे नीट निरखून पाहिलं.

"याला टोपण न्हाई का, भाऊ?"

"नाही मावशी, आपोआप उघडतं," मी म्हणालो.

"बरं हाय. त्या टायमाला ऱ्हायलं व्हतं."

हे त्या हवापाण्याचं बोलावं तसं बोलल्या. मी काहीतरी पुटपुटलो असेन, कारण त्यांनी माझ्याकडे न बघता सुपातला एक खडा वेचला आणि सांगायला लागल्या.

"ते म्हणलं व्हते मला, बसल्या बसल्या. अगं, त्याच्या कॅमेऱ्यावर झाकण हाय की. म्या हातानं गप केलं त्यास्नी. म्हणलं, शिकलेला माणूस हाय, त्याला कळत न्हाई व्हय? पावण्याला बोलून दावू नये."

तो हात मला लख्ख आठवला. कोंडिबांचे ओठ हलले होते आणि शेजारून काळ्या, हाडकुळ्या बोटांचा एक हात वर आला होता. त्यांना स्थिर बसायला सांगताहेत असं समजून मी मनातल्या मनात ठमाबाईंचे आभार मानले होते.

"मंग दर साली तुमी मशीनचं सांगायचा," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, आसंल येखांदं, झाकणाआडचं काढनारं. न्हाई निगालं तर मंग माझ्यामुळंच गेला की त्यांचा फोटू. म्या गप केलं नसतं तर तुमी काढलं असतं टोपण. रातध्याड त्येच डोक्यात, भाऊ."

म्हणजे इतकी वर्षं माझी चूक त्यांनी स्वतःच्या माथी घेऊन वागवली होती. आणि मी दर वैशाखात, तराजूशेजारी बसून, त्या ओझ्यात आणखी थोडी भर घालत होतो. मला रडू आलं असं लिहिलं तर ते शोभून दिसेल, पण तसं झालं नाही. मला फक्त तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. "मावशी, चूक माझी," मी म्हणालो. "तुमची काडीची नाही. सगळी माझी."

त्यांनी सुपातला आणखी एक खडा वेचून दाराबाहेर टाकला. मग विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

आत्ताच, हे उत्तर ओठांवर तयार होतं. सात वर्षांच्या सरावाने तयार झालेलं, गुळगुळीत. कोण जाणे कसं, ते मी गिळलं.

"रोल धुऊन आला तेव्हाच. मार्गशीर्षात."

त्यांचा काळा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालू लागला. "मार्गशीर्ष," त्या म्हणाल्या. "पूस. माघ. शिमगा." अंगठा थांबला. "म्हंजी ते व्हते."

"होते, मावशी."

त्यांनी सूप उचललं. तांदूळ वर उडाले, खाली आले, पुन्हा उडाले. तूस वाऱ्यावर गेलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "काढा आता माझा. येवढं लांबनं आलाय." मी काढला. पडद्यावर दाखवला. त्यांनी तो हातभर लांब धरून बघितला आणि "लई म्हातारी झाले" एवढंच म्हणून परत दिला. आतल्या भिंतीवर, दारातून समोरच दिसेल अशा जागी, एक खिळा ठोकलेला होता आणि त्यावर काही टांगलेलं नव्हतं. फ्रेम करून आणतो, असं मी म्हणालो.

"आना," त्या म्हणाल्या. "पन त्या खिळ्याला नगं."

फ्रेम मी लाँचवाल्याच्या हाती पाठवली. स्वतः गेलो नाही. पुढच्या वैशाखात ठमाबाई दुकानी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. हिरडा त्या दुसऱ्या कुणाकडे घालतात असं कानावर आलं आणि ते योग्यच होतं. आता माझ्याकडे हजारो प्रतिमा आहेत, सगळ्या लख्ख, सगळ्या तत्काळ पाहता येणाऱ्या, आणि त्यांत कोंडिबा कुठेही नाहीत. त्यांचा चेहराही मला आता नीट आठवत नाही. जे आठवतं त्यातलं किती पाहिलेलं आणि किती त्या लेखात लिहिलेलं, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण मार्गशीर्षातली पहिली थंडी पडली की आजही काही क्षण मला वाटतं, वर त्या डोंगरावर तो माणूस दारापुढच्या दगडावर उन्हाला येऊन बसला आहे, आणि माझ्याजवळ अजून चार महिने आहेत.